मदत हवी आहे: नॉयश्वानस्टाइन किल्ला आणि तळ्यांची चालत फेरी, गुडघे दुखणाऱ्या बाबांसोबत

मंडळी, नमस्कार.

आई-बाबा मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून आमच्याकडे म्युनिकला येत आहेत. बाबा ६८ वर्षांचे. अख्खं मावळ त्यांनी पायाखाली घातलंय. तुंगवरून पवनेचं पाणी कसं दिसतं आणि तिकोन्यावरून कसं, हे डोळे मिटून सांगतील.

२०२५च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत लोहगडासकट मराठ्यांचे बारा किल्ले गेले, आणि त्याच अधिवेशनात बव्हेरियाच्या लुडविग राजाचे राजवाडेही. ही बातमी बाबांनीच मला फोनवर वाचून दाखवली. मग म्हणाले, "तो तुमचा पांढरा किल्ला चालत बघायचा हं. बसने वर जाऊन फोटो काढून परत, असं नको."

अडचण गुडघ्याची आहे. चढताना त्यांना काही होत नाही, दमही लागत नाही. उतार लागला की उजवा गुडघा धरतो. तीन वर्षांपूर्वी तिकोन्याच्या त्या उभ्या पायऱ्या ते माझ्या खांद्यावर हात ठेवून, आडवे पाय टाकत उतरले. पायथ्याला येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर मोठा किल्ला केलेला नाही. डॉक्टरांनी चालायला मनाई केलेली नाही, फक्त घसाऱ्याचा उतार आणि खूप पायऱ्या टाळा म्हणाले आहेत.

मी नकाशावर काढलेली फेरी अशी: फ्युसन स्टेशनवर उतरायचं, लेश नदी ओलांडून काल्व्हारियेनबेर्गच्या टेकडीवर चढायचं, पलीकडे श्वानझे तळ्याकडे उतरून होहेनश्वांगाऊ गावात जायचं, तिथून नॉयश्वानस्टाइनला वर, मग आल्पझे तळ्याच्या काठाने थोडं फिरून सपाट वाटेने परत फ्युसन. ही फेरी एका दिवसात त्यांना झेपेल का? कुठल्या बाजूने केली तर उतार सौम्य पडेल? किल्ल्याजवळच्या पोल्लाट घळीतून उतरणारी वाट घ्यावी का? आणि आई टेकडी चढणार नाही, तिला आम्ही कुठे भेटावं? टेकडीवरून फोर्गेनझेचं मोठं निळं पाणी दिसतं असं फोटोंत पाहिलंय. ते बाबांना दाखवायचंच आहे.

प्रतिसाद १

दोनदा केली आहे ही फेरी, एकदा सासऱ्यांबरोबर. तुम्ही धरलेली दिशा बरोबर आहे, तशीच ठेवा. फ्युसन साधारण ८०० मीटरवर, टेकडीचा माथा ९५३ मीटरवर, म्हणजे चढ दीडशे मीटरच. येशूच्या वधस्तंभाच्या वाटेवरचे प्रसंग दाखवणारी छोटी छोटी देवळं वाटेत लागतात, तिथे थांबत थांबत जाता येतं. माथ्यावर तीन क्रूस आहेत. एका बाजूला फ्युसनची लाल कौलं आणि नदी, दुसऱ्या बाजूला नॉयश्वानस्टाइन आणि होहेनश्वांगाऊ हे दोन्ही किल्ले. काकांना तिथे भरपूर वेळ बसू द्या. माझ्या मते आख्ख्या दिवसातली सगळ्यात चांगली जागा तीच.

श्वानझेकडची उतरण जंगलातून आहे. पाऊस पडून गेला असेल तर मुळांवरून पाय घसरतो, तेव्हा दोन काठ्या हव्यातच, एक पुरत नाही. नॉयश्वानस्टाइन सोडून ही फेरी साधारण दहा किलोमीटर भरते.

पोल्लाट घळीवर विसंबू नका. दरडीच्या धोक्यामुळे ती वाट वरचेवर बंद ठेवतात, आणि उघडी असली तरी काकांच्या गुडघ्याला ती नकोच. होहेनश्वांगाऊहून किल्ल्यापर्यंत डांबरी रस्ता आहे, अर्धा-पाऊण तास लागतो. काकांनी चढ चालावा. किल्ल्याजवळ याच घळीवर मारिएन पूल आहे, त्याच्याजवळून खाली येणारी बस आहे, उतरताना ती घ्या. चालत बघायचा शब्द मोडत नाही, किल्ला तर चालतच गाठलेला असतो.

प्रतिसाद २

पाण्याबद्दल सांगतो, नाहीतर तिथे जाऊन हिरमोड होईल. फोर्गेनझे हे धरणाचं पाणी आहे, १९५४ साली भरलेलं. फोर्गेन नावाची वस्ती त्यात बुडाली, तिचंच नाव तळ्याला. हिवाळ्यात ते रिकामं करतात, आल्प्समधला बर्फ वितळून येणाऱ्या पाण्यासाठी जागा हवी म्हणून. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच ते भरलेलं असतं. मेमध्ये तुम्हाला बराचसा करडा गाळ दिसेल. पण रिकाम्या पात्रात रोमन काळातल्या रस्त्याच्या खुणाही उघड्या पडतात, व्हिया क्लाउडिया ऑगस्टा त्याचं नाव. आल्पझे आणि श्वानझे नैसर्गिक आहेत, ते बारा महिने भरलेले.

प्रतिसाद ३

एक गोष्ट कुणी सांगितली नाही. नॉयश्वानस्टाइनच्या आतल्या फेरीत १६५ पायऱ्या चढायच्या आणि १८१ उतरायच्या असतात, तेही गटाबरोबर, गटाच्या वेगाने. माझ्या आईला नेमका तिथेच त्रास झाला, बाहेरच्या चालण्यात नाही. काकांना किल्ले बाहेरून बघण्याची सवय आहे, तर आतलं तिकीट सोडून द्या. तिकिटावर वेळ ठरलेली असते, ती गाठायला टेकडीवर घाई होते, आणि उतारावर घाई नकोच.

काकूंना फ्युसनहून बसने थेट होहेनश्वांगाऊला पाठवा आणि आल्पझेच्या काठी भेटा. गावातून घोडागाडीही वर जाते. पुलावर मात्र त्यांना विचारून न्या. घळीच्या तळापासून तो सुमारे ९० मीटर उंच आहे आणि पायाखाली लाकडी फळ्या आहेत.

आठवड्यातल्या दिवशी जाणार असाल तर बायर्न तिकीट (बव्हेरियातल्या लोकल गाड्यांचं दिवसभराचं तिकीट) सकाळी नऊनंतर चालतं, शनिवार-रविवारी आधीपासून. म्युनिकहून दोन तास धरा, म्हणजे दिवस पुरतो की नाही ते कळेल.

धागाकर्ता

मनापासून आभार सगळ्यांचे. काल रात्री बाबांना फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. तळं रिकामं असेल हे सांगायला मी कचरत होतो. ते म्हणाले, "पवनेत नाही का, पाणी ओसरलं की वाघेश्वराचं देऊळ वर येतं? मग रस्ता दिसतो का ते बघू." आतलं तिकीट रद्द. लुडविग १८८६ साली गेला तेव्हा किल्ला अपुराच होता हे त्यांनी कुठेतरी वाचलंय, म्हणाले, अपुरा किल्ला बाहेरूनच बघावा.

बसने खाली यायला मात्र अजून तयार नाहीत. ते काम आईवर सोपवलंय.

शनिवारी निघू. आता एकच विचारायचं आहे: काठ्या फ्युसनमध्ये भाड्याने मिळतात का, की म्युनिकहूनच विकत घेऊन जाऊ? त्यांना इथे आल्यावर चार दिवस इझार नदीच्या काठी त्या घेऊन चालायची सवय करवून घ्यायची आहे.

प्रतिसाद १

विकतच घ्या, आणि उंची कमीजास्त करता येणाऱ्या घ्या. चढताना थोड्या आखूड, उतरताना थोड्या लांब. माथ्यावर पोचलात की खाली निघायच्या आधी आठवणीने लांब करा.