अंगणात जुनं पेव निघालंय, बुजवावं का?

खटावची लेक:
नमस्कार मंडळी. वडूजजवळ आमचं गाव. परवाच्या पावसात वाड्यासमोर ट्रॅक्टरचं मागचं चाक रुतलं. माती उपसली तर खाली दगडी फरशी, एका कडेनं खचलेली, आणि तिच्याखाली काळोख. तोंड जेमतेम माणूस जाईल एवढं, पण बॅटरी मारली की आत पोट सुटलेलं दिसतं. आई म्हणते, हे ज्वारीचं पेव, म्हणजे धान्य साठवायचं जमिनीखालचं कोठार, 72 च्या दुष्काळाआधी आजोबांनी शेवटचं भरलेलं. भावाला मुरूम टाकून बुजवायचंय, पुतण्याला शिडी लावून उतरायचंय. काय करावं?

हरिपूरकर:
ताई, आधी पुतण्याला थांबवा. बाकीचं सावकाश वाचा.

माझे वडील हरिपुरात हळदीच्या पेवांवर कामाला होते. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं आमचं गाव. सांगलीच्या बाजारात आलेली हळद व्यापारी आमच्या रानातल्या पेवांत ठेवायचे. माती इतकी घट्ट की वीटकाम न करता भिंत उभी राहायची. 20-25 फूट खोल, तोंड अरुंद, पोट मोठं. बुडाला आणि कडेनं उसाचं पाचट, चटया लावायच्या, हळकुंडं ओतायची, वर फरशी ठेवून माती चढवायची. वर्षं गेली तरी हळदीचा रंग उतरत नसे आणि कीड लागत नसे.

कीड का लागत नाही, तेच तुमच्या पुतण्याला समजायला हवं. तोंड बंद झालं की आतला माल, किडे, बुरशी मिळून आतला प्राणवायू संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून बुडाशी बसून राहतो. किडा मरतो तिथं माणूसही मरतो. वडील पेव उघडलं की काही तास कुणाला जवळ फिरकू देत नसत. मग दोरीनं पेटता कंदील सोडायचा. विझला की उतरायचं नाही. कंदील तेवत राहिला तरी उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसं. एकदा त्यांच्या जोडीदारानं घाई केली. बेशुद्ध माणूस वर ओढताना दोरानं वडिलांचे तळवे सोलून निघाले होते. तो वाचला, पण वडील ती गोष्ट सांगताना दर वेळी हात उघडून बघायचे.

2005 च्या महापुरात आमची बहुतेक पेवं गेली. पाणी आत शिरलं, भिंती ढासळल्या, हळद भिजली. 2019 ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा उरलेल्यांतली आणखी बुजली. व्यापारी गोदामांकडं आणि शीतगृहांकडं वळले. 2018 ला सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा वडील नव्हते. मला त्यांची फार आठवण झाली.

म्हणून हात जोडून सांगतो, लगेच मुरूम टाकू नका. वरूनच दोरीला दगड बांधून खोली मोजा, तोंडाचं माप घ्या, फोटो काढा. आईंना विचारून सगळं लिहून ठेवा. पेव भरणारी माणसं आता फार थोडी उरलीत.

माणदेशी:
आमच्याकडंही गावठाणात ज्वारीची पेवं होती. आजी पेवातली ज्वारी खायला काढायची, पण बियाण्याला कधीच नाही, कारण ती उगवत नाही. बियाणं वेगळं, कणगीत, राख आणि कडुलिंबाचा पाला घालून. कडेची ज्वारी काळपट व्हायची, तिच्या भाकरीला आंबूस वास यायचा. दुष्काळात तीही गोड लागायची म्हणे. आणि ताई, तोंडाच्या कडेला उभं राहू नका, पावसानं ती आतून सुटलेली असते.

खटावची लेक:
काका, तुमचं पुतण्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. आज सकाळी लांब उभं राहून बांबूच्या टोकाला कंदील बांधून सोडला. दोन माणसांच्या उंचीएवढाही खाली गेला नसेल, विझला. पुतण्या काही बोलला नाही, त्यानंच जाऊन भोवती काटेरी फांद्या लावल्या. दगड सोडून खोली मोजली, 17 फूट भरली. आई दुपारभर सांगत होती, मी वहीत लिहीत होते. भाऊ म्हणतो, दिवाळीपर्यंत मुरूम नको, तोंडावर नवी फरशी घालू.