प्रतिसाद: कॉलेजच्या संग्रहातली चित्रं आणि अजिंठ्याच्या नकला

वरच्या प्रतिसादांत सगळ्यांनी मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयाच्या (जे. जे.च्या) संग्रहाबद्दल लिहिताना तैलचित्रं आणि व्यक्तिचित्रंच सांगितली. मला तिथल्या विद्यार्थ्यांनी केलेल्या अजिंठ्याच्या चित्रांच्या नकलांबद्दल लिहायचंय. १८७२ पासून १८८५ पर्यंत, अधूनमधून खंड पडत, तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स जे. जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि लेण्यांतली भित्तिचित्रं कॅनव्हासवर उतरवून घेत. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. पुढे ते स्वतः नामवंत चित्रकार झाले. हे कॅनव्हास लंडनला गेले आणि १८८५ च्या आगीत त्यांतले बरेचसे जळाले. उरलेले आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. चित्रं नीट दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर व्हार्निश फासलं गेलं, त्यानं नुकसानच झालं, ही बाजूही सांगायलाच हवी.

तरी मला त्या पोरांचं काम मोठं वाटतं. आमच्या सोलापुरात चादरीचं डिझाइन आधी आलेखाच्या कागदावर चौकट-चौकट भरतात, मग जेकार्डची कार्डं, म्हणजे मागाला नक्षी सांगणारी भोकांची कार्डं, पंच होतात. लहानपणी मी ते तासन्‌तास बघत बसायचो. एक चौकट चुकली की मोराची मान वाकडी! दुसऱ्याची रेघ हुबेहूब उतरवायला किती नजर लागते, ते तिथं कळलं.

म्हणून विनंती आहे: तुमच्यापैकी कुणी कलामहाविद्यालयात शिकवत असेल, तर कपाटातली जुनी अभ्यासचित्रं रद्दीत जाऊ देऊ नका. निदान फोटो काढून, मागे नाव आणि साल लिहून ठेवा.