लंगोट स्वस्त, पण धुणार कोण?

कावेरी: बाळाला फेकायचे डायपर घालणारे आईबाप निव्वळ आळशी. एक डायपर कुजायला पाचशे वर्षं लागतात. आजीचा लंगोट आणा, विषय संपला.

पंक्चरवाला: पाचशे वर्षं मोजली कुणी? फेकायचे डायपर बाजारात जोर धरू लागले ते १९६१ नंतर. आणि आजीच्या लंगोटामागे आजी, काकू आणि धुणंवाली अशा तिघी राबत होत्या, हे सोयीने गाळलंत. आता हिशेब. इंग्लंडच्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सीने २००८ साली अडीच वर्षांच्या वापराचं कार्बन उत्सर्जन काढलं: फेकायचे डायपर सुमारे ५५० किलो, कापडी ५७०. गरम पाणी आणि ड्रायरने सगळी बचत खाल्ली. मशीन पूर्ण भरलं, पाणी ६० अंशांच्या आत ठेवलं, दोरीवर वाळवलं आणि तेच कापड दुसऱ्या बाळाला वापरलं, तर मात्र कापडाचे सुमारे २०० किलो वाचतात. सगळी मेख धुण्यात आहे.

कावेरी: २००८ बरं आठवलं! तिथल्याच सरकारने २०२३ मध्ये नवा हिशेब मांडला, त्यात कापडी २५ टक्क्यांनी कमी. आणि आपल्याकडे ड्रायर आहे किती घरांत? दोरी आहे, ऊन आहे.

जुलै_ठाणे: ऊन? जुलैत? जाड बांबूचा इन्सर्ट, म्हणजे आतली शोषक घडी, दोन-दोन दिवस दमट राहतो, मग कुबट वास, मग लोक म्हणतात कापड वाईट. घडी आणि कव्हर एकत्र शिवून जोडलेले ऑल-इन-वन पावसाळ्यात घेऊच नका. मलमलचा मोठा चौकोन घ्या, घडी घालून वर कव्हर. उघडला की एकच पदर, पंख्याखाली रात्रीत वाळतो. तान्ह्याला दिवसाला दहा-बारा लागतात, म्हणजे तीसेक चौकोन हवेत.

साबणशास्त्री: वास वाळण्यामुळे नाही, धुण्यामुळे येतो. विकणारे सांगतात "अर्धा चमचा पावडर पुरे", तिथेच घोळ. शूतला युरिया कापडात उरतो, त्याचा अमोनिया होतो. शी आधी संडासात. मग गार पाण्यात खळबळून काढा, थेट गरम पाण्यात टाकलं तर डाग पक्के बसतात. नंतर पुरेशी पावडर घालून मुख्य धुणं, ड्रम दोन-तृतीयांश भरलेला. सॉफ्टनर अजिबात नको, कापडावर थर बसतो आणि ते शोषणं सोडतं.

बोअरवेल_पीडित: पावडर वाढवून काय होणार? जड पाण्यात निम्मा साबण कॅल्शियमशी झुंजण्यातच संपतो. धुण्याचा सोडा घाला.

साबणशास्त्री: सोडा घाला म्हणे! कव्हरचं पीयूएलचं, म्हणजे पाणी अडवणाऱ्या प्लास्टिकचं, अस्तर सोलून निघालं की नवं कोण देणार?

बोअरवेल_पीडित: कव्हर बाजूला काढून धुवा, एवढंही सांगावं लागतं? सोडा फक्त सुती कापडाला.

स्वच्छ_प्रभाग: सोड्यावर युद्ध चालू द्या, पण रोज सकाळी उघडा डायपर हाताने वेगळा करणाऱ्या बाईचं नाव कुणी घेतलं का? २०१६ च्या घनकचरा नियमांतच स्पष्ट होतं: गुंडाळून, सुक्या कचऱ्यात. गुंडाळायला पाकीट देणं कंपनीचं काम. पुण्यात कचरावेचक सांगून थकले, कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा. त्यालाही लोकांना जड जातं. त्यात "बायोडिग्रेडेबल" लिहिलेला डायपर ओल्या कचऱ्यात टाकणारे महाभाग! वरचा थर मक्याचा असेल, आतला न कुजणारा शोषक जेल बहुतेकदा सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटच असतो. आणि सोसायटीतल्या पॅड जाळायच्या छोट्या मशीनमध्ये डायपर कोंबू नका. आत पावशेर पाणी, तापमान चढत नाही, नुसता धूर होतो.

पंक्चरवाला: हे कावेरीताईंच्या "विषय संपला"मध्ये बसत नाही.

कावेरी: बरं, आळशी शब्द घेते मागे, खूश? रात्रीचा एक डायपर माफ. पण दिवसाचे सात-आठ फेकणाऱ्यांना माझ्याकडून सवलत नाही.

साबणशास्त्री: कव्हर वेगळं धुणार असाल तर सोडा चालेल. दोन मोठे चमचे, त्याहून जास्त नको, आणि एक खळबळणं जादा. नाहीतर रॅश येईल आणि तुम्ही दोष द्याल कापडाला.

बोअरवेल_पीडित: आलात ना सोड्यावर!