चष्मा न काढता वापरता येईल अशी छोटी दुर्बीण: तुमचे अनुभव सांगा

आईसाठी दुर्बीण घ्यायची आहे. वय ६८, चष्मा कायमचा, मनगटं अधूनमधून दुखतात. हिवाळ्यात भिगवणला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायचेत, एरवी गॅलरीतून समोरच्या पिंपळावरचे तांबट. पर्समध्ये मावायला हवी. कंपन्यांची नावं नकोत. वापरताना काय सोयीचं पडलं, काय खटकलं ते लिहा.

चष्मिष: सगळे आधी 'किती पट?' विचारतात. चष्मेवाल्यांनी आधी आय रिलीफ विचारावा. म्हणजे डोळा भिंगापासून किती लांब असला तरी अख्खं दृश्य दिसतं, ते अंतर. ते १५ मिमीच्या बरंच खाली असलं तर चष्म्यातून मधलाच गोल दिसतो, कडा गायब. छोट्या दुर्बिणी नेमक्या इथेच मार खातात. माझी ८×२५ आहे (८ पट, पुढचं भिंग २५ मिमी रुंद), आय रिलीफ १६ मिमी. डोळ्याकडचे कप फिरवून पूर्ण खाली ठेवते, चष्मा टेकवते, झालं. कप वर ठेवून 'काहीच दिसत नाही' म्हणणारे प्रत्येक ग्रुपमध्ये भेटतात!

खंड्या: १० पटीचा मोह नको. चित्राबरोबर हाताची थरथरही तेवढीच मोठी होते. भिगवणला तर बघणं होडीतून. मी टोपीची झाप आणि दुर्बीण एकत्र धरतो, बरीच स्थिर राहते.

पाणकावळा: २५ ला ८ ने भागा: जेमतेम ३ मिमी. डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत एवढाच रुंद. भर उन्हात बाहुली तितकीच लहान असते, त्यामुळे काही अडत नाही. संध्याकाळी मात्र चित्र काळवंडतं. शिवाय झोत अरुंद म्हणून डोळा नेमका जागेवर लागतो, जरा हलला की काळी सावली. ८×३२ मध्ये हाच झोत ४ मिमी. माझ्या वडिलांना ती हातात घेताच जमली, ८×२५ शी मात्र झटापट चालायची. वजन जास्त, पर्समध्येही जरा दाटीवाटी. तरी माझं मत ३२ लाच.

रत्नांग्री: आमच्याकडे पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरते. आत नायट्रोजन भरलेली, जलरोधक घ्या. आणि ओली तशीच केसमध्ये कोंबू नका, आधी पुसून वाळवा. डब्यात सिलिका जेल.

धागाकर्ती: दोन बिजागऱ्यांची घडी होणारी बघितली. खिशात मावते, पण उघडल्यावर दर वेळी दोन्ही बाजू जुळवाव्या लागतात का?

चष्मिष: हो, लागतात. एक बिजागरी असली की एकदा बसवलेलं अंतर बहुतेक तसंच राहतं. आईंना दुकानात घेऊनच जा. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने दूरची पाटी स्पष्ट करायची, मग डावा मिटून उजव्या नळीवरचं डायोप्टर (त्या डोळ्यापुरतं चित्र स्पष्ट करणारी कडी) फिरवायचं. मधलं चाक त्यांच्या बोटांना जड जात असेल तर दुसरी मागा.