मदत हवी आहे: फायनल बीडीएस, अर्धवट राहिलेला क्लिनिकल कोटा आणि निवेदन कसं लिहायचं?

नमस्कार मंडळी, डेंटलवाले कोणी असाल तर प्लीज उत्तर द्या, नसाल पण सरकारी अर्ज लिहून लिहून हात बसलेला असेल तर तुमचाही सल्ला चालेल. मी विदर्भातल्या एका प्रायव्हेट डेंटल कॉलेजात फायनल इयरला आहे (नाव विचारू नका, आमचे सरही इथे वाचत असतात).

थर्ड इयरचं क्लिनिकल पोस्टिंग (खऱ्या पेशंटवर काम) सुरू होऊन जेमतेम काही महिने झाले होते आणि मार्च २०२० ला लॉकडाऊन लागलं, मग जवळजवळ वर्षभर सगळं झूमवर. आता दात काढायला झूमवर कसं शिकणार सांगा, फोर्सेप्स कसा धरायचा ते पीपीटीत दिसतं पण दात सुटायला लागला की हाताला काय जाणवतं ते कोण दाखवणार? आमच्या ज्युनियर्सनी तर घरी वॅक्स (दात कोरायचं मेण) नाही म्हणून कपड्याच्या साबणाच्या वड्यांवर दात कोरले आणि मॅमना फोटो पाठवले, हसू नका, मार्क पण मिळाले त्यांना. प्रॅक्टिसला काढलेले खरे दात लागतात, एरवी गावातल्या क्लिनिकमधून बाटली भरून मिळायचे, तर क्लिनिकच बंद.

यावर्षी, म्हणजे २०२१ च्या फेब्रुवारीत कॉलेज उघडलं, एप्रिलमध्ये परत बंद. आता जुलैत ओपीडी चालू आहे पण एरोटर (दात कोरायचं ड्रिल) फिरला की पाण्याचे तुषार उडतात, त्यात पेशंटची लाळ, म्हणून एक चेअर सोडून एक चालू, मोठ्या कामाआधी कोविडची अँटिजेन टेस्ट, त्यामुळे पेशंट बाहेरूनच परत जातात. ओरल सर्जरीत म्युकरचे (काळ्या बुरशीचे) पेशंट, तिथे आम्ही लांबून बघायचं. आणि कोटा, म्हणजे प्रत्येकाने पूर्ण करायच्या केसेसचा आकडा, मात्र जुनाच! तेवढेच एक्स्ट्रॅक्शन (दात काढणं), तेवढेच स्केलिंग (दात साफ करणं), तेवढ्याच कवळ्या.

माझ्या कवळीची गोष्ट ऐका. मार्चमध्ये एक आज्जी मिळाल्या, दोन्ही जबड्यांत एकही दात नाही, इम्प्रेशन (जबड्याचा साचा) झालं, जॉ रिलेशन (दोन्ही जबडे एकमेकांवर कसे बसतात त्याचं माप) झालं, एचओडींची (विभागप्रमुखांची) सही पण झाली. मग निर्बंध लागले, एसटी बंद, आज्जी गावात आणि मी घरी. जूनमध्ये लॉकर उघडला तर वॅक्स रिम (त्या मापाच्या मेणाच्या पट्ट्या) वितळून डब्याच्या तळाला चिकटलेल्या, आमच्याकडचा मे महिना तुम्हाला माहितीच आहे. आता पुन्हा पहिल्यापासून. आज्जींचा दर रविवारी फोन येतो, "डॉक्टरीणबाई, दात झाले का वं?"

तर मला विचारायचंय ते हे. बॅचमधले काहीजण म्हणतात कोटा अर्धा करा म्हणून अर्ज देऊ, काहींना परीक्षाच नको आहे. मला हे दोन्ही पटत नाही. कोटा कमी केला तर सही मिळेल पण उद्या माझ्या क्लिनिकमध्ये कोणी बसलं तर हात थरथरायचा तो थरथरणारच ना. आम्हाला पोस्टिंग वाढवून हवंय आणि पेशंट हवेत. हे निवेदनात कसं मांडायचं की वाचणाऱ्याला 'परीक्षा चुकवणारी पोरं' वाटू नये? शिवाय कॉलेजने पीपीई किटच्या नावाने वेगळे १५,००० मागितलेत, ते याच अर्जात टाकू की वेगळं?

प्रतिसाद: अक्कलदाढ

बीडीएस २०१६ ला झालं माझं, त्यामुळे महामारीतलं कॉलेज बघितलं नाही, पण अर्जबाजी भरपूर केलीये. फीचा विषय अजिबात यात घालू नकोस ताई, दोन भांडणं एका कागदावर आली की दोन्ही हरतात. २०१५ च्या कायद्याने फी ठरवायचं काम शुल्क नियामक प्राधिकरणाचं, तेव्हा आधी कॉलेजकडे पावती माग, पावतीवर कशाचे पैसे ते लिहायला लाव, बऱ्याचदा तिथेच गाडी थांबते. पोस्टिंगचा अर्ज आधी डीनना, प्रत नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परीक्षा नियंत्रकांना. आणि स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय काउंटरवरून हलायचं नाही.

प्रतिसाद: वऱ्हाडी_ठेचा

परीक्षा रद्दवाल्यांना सांग की ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने यूजीसीच्या केसमध्ये परीक्षेशिवाय फायनलवाल्यांना पास करायला नाही म्हटलंय, तो नाद सोडा. अर्जात रडगाणं नको, तक्ता दे. कोणत्या डिपार्टमेंटला किती दिवस पोस्टिंग ठरलं होतं, प्रत्यक्षात किती झालं, रोज किती चेअर चालू आहेत. आकडे बघून बाबू लोक जरा सरळ बसतात. आणि संध्याकाळची ओपीडी सुरू करा असं काहीतरी सुचव, नुसतं मागू नको.

प्रतिसाद: मोलर

मी इंटर्न आहे, दोन महिने स्वॅब ड्युटी केली. स्वॅब घ्यायला डेंटलवाले डॉक्टर असतात, बाकी वेळी नाही, असो. कोटा कमी करा हेच मागा असं माझं मत, इंटर्नशिपमध्ये हात बसतो. नीट एमडीएसला (पुढच्या पदवीच्या प्रवेश परीक्षेला) वर्ष पुढे गेलं तर कोण भरून देणार?

धागाकर्ती

सगळ्यांना थँक्यू. मोलर दादा, तुमच्या इंटर्नशिपमध्ये हात बसला की स्वॅबच घेतले? टोमणा नाही, खरंच विचारतेय. तक्ता करायला घेतलाय, प्रोस्थोचे (कवळीवाल्या डिपार्टमेंटचे) ठरलेल्यापैकी निम्मे दिवस पण भरत नाहीयेत. पण सह्यांवर गाडी अडलीये, आम्ही ८७ जण आणि सह्या ३१, बाकीचे इंटर्नल मार्कांना घाबरतात. ३१ वर अर्ज दिला तर चालेल का की थांबू?