मदत हवी आहे: हे छापचित्र जुनं की नंतरची प्रत?

मंडळी, डॉक्टर मामांच्या कपाटात शरीररचनेचं एक रंगीत छापचित्र सापडलं. पाठमोरी बाई, मान वळवलेली, केस नीट बांधलेले आणि पाठीचे स्नायू पंखांसारखे दोन्हीकडे उलगडलेले! चेहरा मात्र इतका शांत की अंगावर काटा येतो. मूळ चित्र फ्रेंच छापचित्रकार गोतिए दागोती यांचं, पॅरिस, १७४६. निळा, पिवळा, लाल, काळा असे तांब्याचे चार पत्रे एकाच कागदावर एकामागून एक दाबून हे रंग आणत.

भिंगातून पाहिलं तर आजच्या छपाईसारखे ठिपके दिसत नाहीत. पण पत्रा दाबल्यावर कागदाच्या कडेला जी खोलगट खूण उठते, तीही बोटाला लागत नाही. कागद कापला असेल का? पुण्या-मुंबईत असं पारखून देणारं कोणी माहीत आहे? कोपऱ्याला कसर लागलीय. फ्रेमवाला म्हणतो लॅमिनेट करा, माझा हात धजत नाही.