दोन महिन्यांच्या सरावावर हरणावर बाण सोडायचा?

नौपाडाकर:
परवा आपल्या ठाण्याच्या ग्रुपवर एका खारघरच्या सदस्याने (सध्या मुक्काम पेनसिल्व्हेनिया) पहिल्यांदा धनुष्याने हरणाच्या शिकारीला जाणाऱ्यांसाठी लांबलचक पोस्ट टाकली. सारांश असा: ऑगस्टमध्ये कंपाउंड (कप्प्या लावलेलं) धनुष्य घेतलं, ऑक्टोबरात हंगाम सुरू झाला की जायचं, २० यार्डांवर बशीएवढ्या गोलात ५ पैकी ३ बाण बसतात, सुरुवातीला एवढं पुरेसं आहे. खाली अभिनंदनाची रांग. मला ती वाचून झोप लागली नाही, म्हणून हा वेगळा धागा.

मी ठाण्यात १४ वर्षं मुलांना तीरंदाजी शिकवते. शिकारीला माझा सरसकट विरोध नाही, हे आधीच सांगते. पण "५ पैकी ३ पुरेसे" या वाक्याला आहे. ती बशी म्हणजे हरणाचं हृदय आणि फुफ्फुसं, जेमतेम २० सेंटिमीटरची जागा. उरलेले २ बाण कुठे जातात? माझ्याकडे टार्गेटवर चुकलेल्या बाणाचा गुण कापला जातो. जंगलात तो पोटात जातो, मांडीत जातो, जबड्यात जातो. बाण बंदुकीच्या गोळीसारखा धक्क्याने मारत नाही. ब्रॉडहेडचं, म्हणजे शिकारीच्या बाणाच्या धारदार टोकाचं, पातं कापतं आणि रक्तस्रावाने जनावर जातं. दोन्ही फुफ्फुसं कापली तर काही सेकंदांत, आतडी फाटली तर तासन् तास तडफडत.

आणि हरीण म्हणजे भिंतीला टेकवलेलं टार्गेट नव्हे. बाण सेकंदाला साधारण २८० फूट जातो, आवाज ११०० फूट. म्हणजे दोरीचा आवाज बाणाच्या बराच आधी त्याच्या कानावर पोचतो. पळण्यासाठी ते आधी पाय दुमडून खाली बसतं आणि तेवढ्यात बाण वरून जातो किंवा पाठीत बसतो. हे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अंगणात शिकता येत नाही.

खारघरकर:
ताई, पोस्ट माझीच. तुम्ही अर्धीच वाचलीत. शिकारीचं लायसन्स काढण्याआधी सुरक्षेचा कोर्स इथे सक्तीचा आहे, तो मी केला. मचाणावर हार्नेस (पडू नये म्हणून पट्टा) लावतो. हरीण आडवं उभं असेल किंवा किंचित पाठमोरं असेल तरच बाण सोडायचा, समोरून नाही, हेही लिहिलं होतं. कंपाउंड धनुष्याचा जन्मच मुळी शिकारीसाठी झाला. मिसूरीच्या ॲलनने १९६९ मध्ये पेटंट घेतलं, तो स्वतः धनुष्याने शिकार करायचा. ७० पौंडांचं धनुष्य पूर्ण ताणल्यावर हातावर १५ पौंडांच्या आसपासच भार राहतो. तुमच्या बिनकप्पीच्या रिकर्व्ह धनुष्याइतकी वर्षं त्याला लागत नाहीत. आपली साताऱ्याची आदिती स्वामी २०२३ ला बर्लिनमध्ये १७ व्या वर्षी कंपाउंडमध्येच जगज्जेती झाली ना?

नौपाडाकर:
आदितीचं नाव या वाक्यात घेऊ नका. तिने साताऱ्यात वर्षानुवर्षं रोज बाण सोडलेत, तेव्हा ते सोनं आलं. आणि तिचं टार्गेट ५० मीटरवर जागचं हलत नाही. धनुष्य धरणं सोपं झालं म्हणून सोडणं सोपं होत नाही. छातीत धडधडत असताना, थंडीने बोटं आखडलेली असताना, वरून खाली तिरका नेम घेताना काय होतं ते सांगा. मचाणावरून हात नुसते खाली केले की नेम बिघडतो, कमरेतून वाकावं लागतं. तुमच्या पोस्टमध्ये याबद्दल एक ओळ नव्हती.

वर्तकनगर:
तुम्ही दोघं नेम कसा धरायचा यावर भांडताय. मूळ प्रश्न कुणीच विचारत नाही. पोट भरायला दुकानं असताना जिवंत प्राण्यावर बाण का सोडायचा? इंग्लंडमध्ये धनुष्याने हरीण मारायला कायद्याने बंदी आहे, जर्मनीतही शिकारीला धनुष्य चालत नाही. ती काय मागासलेली राष्ट्रं आहेत? आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आहे म्हणून ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात आज चितळ दिसतात. ठाण्याच्या ग्रुपवर शिकारीचे धडे नकोत, ॲडमिननी पोस्ट काढावी.

खारघरकर:
इथे लांडगे संपले, हरणं उरली. १९०० च्या सुमारास बेसुमार शिकारीने अख्ख्या अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणं ५ लाखांच्या आत आली होती, आज ३ कोटींच्या घरात आहेत. कोवळी रोपं खाऊन जंगल वाढू देत नाहीत, रात्री गाडीवर आदळतात, माझ्या शेजाऱ्याची गाडी गेली. १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला, पुढे धनुष्यबाणही त्यात आले. तो पैसा त्यांच्या संवर्धनाला जातो. शिकार थांबवली तर तुमचीच हरणं उपाशी मरतील.

वर्तकनगर:
आमची नव्हेत, तुमची. येऊरला ते काम बिबट्या करतो, त्याला कोर्स लागत नाही.

राजापूर-कळवा:
वर्तकनगर दादा, बिबट्या तुमच्या येऊरला. आमच्या गावी रानडुकरांना आवरायला कोण येतं ते सांगा. बाबा ७१ वर्षांचे आहेत. भात आता पोटरीला आलंय आणि रोज रात्री ते शेतातल्या माळ्यावर पत्र्याचा डबा वाजवत बसतात. गेल्या वर्षी १४ गुंठ्यांतलं निम्मं एका रात्रीत लोळवलं. आंब्याच्या मोहोरापासून नारळापर्यंत वानर-माकडं, आणि खाली डुकरं. भुईमूग आणि रताळी लावणं आम्ही कधीच सोडलं. अमेरिकेत पिकाला जनावर लागलं तर शिकारीचा हंगाम काढतात. आम्हाला मात्र ठाण्यातून प्राणिप्रेम शिकवतात.

वर्तकनगर:
भरपाई मिळते की. अर्ज करा.

राजापूर-कळवा:
अर्ज केला नसता तर हे बोलले नसते. फोटो काढा, सातबारा जोडा, हिस्सेदारांची संमती आणा. आमच्या सातबाऱ्यावर १९ नावं, त्यातली ६ वारलेली. पंचनामा झाला तोवर बाकीचं भात कापून झालं होतं. जे हातात आलं ते बियाण्याच्या खर्चाएवढंही नाही. तुम्ही एक रात्र माळ्यावर बसून बघा, मग अर्जाचं सांगा.

येऊरपाडा:
बोलायचं नव्हतं, पण बिबट्याचं नाव घेतलंत म्हणून. आम्ही पाड्यावरचे. माझ्या आज्याचा तीरकामठा अजून घरात आडव्याला टांगलेला आहे. तो भेकराच्या मागे तीन-तीन दिवस जायचा, त्याने एक बाण फुकट घालवलेला मी ऐकला नाही. त्याला दोन महिन्यांत कोणी शिकवलं नव्हतं. आधी चार पावसाळे नुसता माग बघायला लावला, हातात कामठा दिला नाही. आज आम्ही लाकडाची मोळी आणली तरी अडवतात. आणि तुमच्या शहरातले लोक रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बंगल्यांवर स्पीकर लावतात, झोताचे दिवे रानाकडे वळवतात, त्यांना कोण अडवतं? चितळ शिकारीने कमी होत नाहीत इथे. त्यांना रात्र राहिलेली नाही.

वर्तकनगर:
आवाजाचा मुद्दा मान्य. त्याविरुद्ध मी स्वतः तक्रारी दिल्यात. पण म्हणून तीरकामठ्याचं कौतुक करायचं का?

येऊरपाडा:
कौतुक नाही केलं. काय शिकावं लागायचं ते सांगितलं. तुम्ही वाचलं नाहीत.

ऐरोलीकर:
मी ९ वर्षं विस्कॉन्सिनला होतो, आता परत आलोय. खारघरकर, तुमच्यासाठी लिहितो, कारण तुमच्या जागी मी होतो.

माझा पहिला हंगाम. सरावात ५ पैकी ४ बसायचे. संध्याकाळ, उजेड जात आलेला, मादी २८ यार्डांवर. माझी ठरवलेली मर्यादा २० ची होती. "एवढंच तर जास्त आहे" म्हणून सोडला. बाण आरपार गेला आणि मला वाटलं झालं काम. खाली उतरून बाण उचलला तर पात्याला हिरवट लगदा आणि वास. म्हणजे पोट. फुफ्फुसाचं रक्त गुलाबी, फेसाळ असतं. यकृताचं गडद. पोट लागलं तर सहा-आठ तास, जमलं तर रात्रभर, त्या दिशेला फिरकायचंसुद्धा नाही. जनावर जवळच बसतं आणि तिथेच मरतं. हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं. तरी मी दहा मिनिटांत मागे निघालो, कारण मला धीर नव्हता. ती उठली आणि गेली. रात्री दोनपर्यंत टॉर्च घेऊन शोधलं, दुसऱ्या दिवशी शोधलं. सापडली नाही. ती कुठेतरी पडून दिवसभर तडफडून मेली असणार आणि ते माझ्यामुळे.

त्यानंतरही मी शिकार केली, लपवत नाही. पण पुढचा पूर्ण हंगाम मचाणावर धनुष्य न घेता बसलो. हरीण कसं येतं, वाऱ्याने कधी सावध होतं, आपण हात हलवला की काय होतं, ते बघितलं.

खारघरकर:
तुमचं वाचून वाईट वाटलं. पण तुम्ही मर्यादा मोडलीत. मी मोडणार नाही.

ऐरोलीकर:
मीही हेच म्हणालो होतो.

नौपाडाकर:
खारघरकर, एकच करून बघा. दिवसाचा पहिला बाण. हात गरम करायला सरावाचे बाण नकोत. सकाळी उठून, जाकीट-हातमोजे घालून, ब्रॉडहेड लावून, मचाणाच्या उंचीवरून, एकच. तो कुठे लागला ते लिहून ठेवा. सलग ३० दिवस. जंगलात तुम्हाला तेवढा एकच मिळतो. ५ पैकी ३ चा हिशेब तिथे नसतो.

राजापूर-कळवा:
ताई, तुमचं पटतंय, पण एक विचारते. आमच्याकडे डुकरांसाठी परवानगी काढून शिकवलेल्या तीरंदाजांना का बोलावू नये? बंदुकीचा आवाज नको, लायसन्सची भानगड नको.

नौपाडाकर:
नाही, तुमच्या रागासकट नाही म्हणते. पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावरासाठी वन्यजीव कायद्याच्या कलम ११ मध्ये परवानगीची वाट आहे, पण ती वनअधिकाऱ्याच्या लेखी आदेशानेच. आणि जुन्या नर डुकराच्या खांद्यावर कातडीखाली जाड कवच असतं. अर्धवट घुसलेला बाण घेऊन डुक्कर रात्री तुमच्या बाबांच्याच बांधावरून पळेल. माझ्या मुलांना मी त्यात उतरवणार नाही.

वर्तकनगर:
या एका गोष्टीवर मी नौपाडाकरांसोबत आहे. बाकी कशावर नाही. आणि राजापूर ताई, अर्जाचं मी फार सहज बोललो.

खारघरकर:
पहिल्या बाणाचा प्रयोग चालू केला. ६ दिवसांत २ आत, ४ बाहेर. त्यातला एक सरळ पोटाच्या जागी. पोस्टमधलं "पुरेसं आहे" काढून टाकलंय. लायसन्सचे पैसे भरलेत, त्यामुळे जाणार मात्र आहे. धनुष्य न्यायचं की नाही ते ३० दिवस झाल्यावर ठरवेन. शिकार चूक आहे हे मला अजूनही पटलेलं नाही, वर्तकनगरनी गैरसमज करून घेऊ नये.

येऊरपाडा:
माग बघायला शिका. धनुष्याशिवाय जाल तेव्हा पावसानंतरच्या सकाळी जा.

राजापूर-कळवा:
आज पहाटे बाबांचा फोन आला. भाताची वरची दोन मळी गेली. पंचनाम्याला गुरुवारी येतो म्हणालेत, मी उद्याच्या गाडीने निघतेय. वर्तकनगर दादा, १९ नावांच्या संमतीपत्राचा कुणाकडे नमुना असेल तर पाठवा.